गिरजामाय आणि घंटेचा खेळ

लग्न होऊन मी नाशिकहून बजाजनगरला आले, त्या पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या भिंतीतून घंटेचा आवाज आला. टण्ण! मग जरा शांतता, आणि मग एका बाईचा खणखणीत आवाज, "पुन्यांदा!" थोड्या वेळानं परत टण्ण, परत "पुन्यांदा!" मला वाटलं, शेजारी कुणाची तरी पूजा चाललीय आणि ती काही केल्या पुरी होत नाहीये. प्रकाशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विचारलं. तो बूट काढता काढता म्हणाला, "ती गिरजामाय. व्हिडिओ गेम खेळतीय."

दुसऱ्या दिवशी नळावर तिला पाहिलं आणि प्रकाशनं आपली चेष्टा केली अशी माझी खात्रीच पटली. पन्नाशीला टेकलेली, उंच, काटक बाई. नऊवारी लुगडं, कपाळावर आणि हातांवर हिरवं गोंदण, डोक्यावर हंड्यावर हंडा आणि कमरेला कळशी. तिनं मला खालून वर न्याहाळलं.

"तू नाशकाची का? काल रडत व्हतीस."

मी गोरीमोरी झाले.

"भिंत पातळ हाय," ती म्हणाली. "रडायचं तर दुपारी रडत जा, तवा समदे कामावर आसत्यात. आन् लईच वाटलं तर माझ्याकडं ये. टीवी हाय."

असं आमचं ओळखपर्व दोन-चार वाक्यांत संपलं. त्यानंतर त्या खोलीत मी जी शिरले, ती बजाजनगर सोडेपर्यंत रोज संध्याकाळी तिथंच.

आमची ती पत्र्याच्या खोल्यांची एक लांब रांग होती. मालक कारभारीअण्णा. त्यांची जमीन वाळूजच्या एमआयडीसीत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या बांधल्या आणि कामगारांना भाड्यानं दिल्या. वाळूजला तेव्हा रोज नवी शेड उभी राहत होती. काल जिथं ज्वारीचं रान होतं तिथं आज तारेचं कुंपण आणि वॉचमनची केबिन दिसायची. जालना, परभणी, बीडकडून माणसं येत होती, आणि ज्याला त्याला अण्णांच्या रांगेत एक खोली मिळत होती. गिरजामायचा नवरा भागाजी प्रेस शॉपमध्ये होता. दोघं धनगर. लग्नानंतर कितीतरी वर्षं मेंढरांमागं चालण्यात गेली होती. गिरजामायचा आवाज तिथंच कमावलेला. भागाजीला ती घरातल्या घरात हाक मारायची तरी शेवटच्या खोलीतला माणूस दचकायचा.

टीव्ही गेम तिच्या धाकट्या भावानं, सोपाननं आणला होता. तो ट्रकवर होता, कारखान्यांचा माल घेऊन मुंबईला जायचा. एका भाऊबीजेला साडीऐवजी त्यानं बहिणीच्या हातात हे खोकं ठेवलं. एक डबा, दोन रिमोट आणि दोन कॅसेटा. पहिल्या कॅसेटमध्ये पुष्कळ खेळ होते, गोळ्या झाडायचे, गाड्या पळवायचे. रांगेतली सगळी पोरं त्यावर तुटून पडली आणि काही दिवसांत ती कॅसेट बिघडली. दुसऱ्या कॅसेटला कुणी हात लावत नव्हतं. तिच्यावरचा कागद अर्धा फाटलेला होता आणि उरलेल्या अर्ध्यावर जपानी अक्षरं होती.

त्या कॅसेटचा खेळ असा. टोपीवाली दोन बुटकी माणसं एक लांब दांडा खांद्यावर घेऊन उभी असतात, एक पुढं, एक मागं. दांड्याच्या मध्ये एक भली मोठी घंटा टांगलेली. ती घंटा डोंगरावरच्या देवळात न्यायची. वाटेत पायऱ्या, बांबूचा पूल, नदीतले दगड, अंगावर येणारी कुत्री, वर बर्फ. मारामारी नाही, बक्षीस नाही, गुण नाहीत. घंटा जमिनीला टेकली की टण्ण वाजते, जपानी अक्षरांची एक ओळ येते आणि माणसं परत पहिल्या झोपडीपाशी. मधूनच सुरू करायची सोय असेलही, पण ती त्या अक्षरांत कुठंतरी लिहिलेली असणार. वीज गेली तरी सगळं पहिल्यापासून. आणि वीज तर रोजच जायची.

पोरं या खेळाला वैतागली. गिरजामायनं त्याला हात घातला आणि तो तिच्या हातातून सुटलाच नाही.

खेळायला बसण्याआधी ती हात धुऊन पदराला पुसायची. एक गुडघा उभा करून जमिनीवर बसायची. रिमोट धरायची तो एखाद्या कोकराची मान धरावी तसा, घट्ट पण दुखणार नाही असा. माणसांना तिनं नावं ठेवली होती, म्होरला आणि मागला. घंटेला मात्र नाव नव्हतं. घंटेबद्दल ती नुसतं 'ती' म्हणायची. "ती हालायलीय." "ती दमली." "आज ती रुसलीय, आज काय व्हत नाय."

या खेळात मोठी गोष्ट कोणती, ते तिला फार लवकर उमगलं होतं. घंटा हलायला लागली की काहीच करायचं नाही. बटणं दाबायची नाहीत, पाऊल टाकायचं नाही. ती शांत होईपर्यंत तसंच उभं राहायचं. कधी कधी घंटा इतका वेळ झुलत राहायची की बघणाऱ्याला टीव्ही बिघडलाय असं वाटावं. मला ते कधीच जमलं नाही. माझा अंगठा आपोआप बटणावर जायचा आणि टण्ण. गिरजामाय रागवायची नाही. फक्त म्हणायची, "पुन्यांदा."

भागाजीचा या सगळ्याला विरोध होता, पण तो विरोध करायचा भिंतीकडं तोंड करून. कामावरून आला की भाकरी घेऊन टीव्हीकडं पाठ करून बसायचा आणि भिंतीला विचारायचा, "या घरात बातम्या लागतील का नाय?" भिंत काही बोलायची नाही, बायकोही नाही. एकदा गिरजामाय एका लग्नासाठी चितेगावला गेली होती. त्या दुपारी त्यांच्या बंद दाराआडून घंटा वाजली. मग परत वाजली. मग वाजतच राहिली. रांगेतल्या सगळ्या बायका दारात येऊन तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. भागाजीला बाहेर येणं अवघड झालं. दुसऱ्या दिवशी गिरजामाय आली तेव्हा तिला बातमी नळावरच कळली. मला वाटलं आता ती त्याची चांगलीच फिरकी घेणार. तिनं भाकरी वाढली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "कुठवर गेलते?"

"दुसऱ्या पायरीला," भागाजी ताटात बघत म्हणाला.

"मागल्याला आधी उचलायचं," ती म्हणाली. "म्होरल्याला घाई आसती."

तिचा हा स्वभाव फक्त गेमपुरता नव्हता. रविवारी दुपारी दूरदर्शनवर इतर भाषांतले सिनेमे लागायचे, बंगाली, मल्याळी, आसामी. सगळं बजाजनगर त्या वेळी झोपायचं. गिरजामाय मात्र सुपात तांदूळ निवडायला घेऊन टीव्हीसमोर बसायची आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमा बघायची. तिला भाषा कळत नव्हती आणि खालची इंग्रजी अक्षरंही वाचता येत नव्हती. मग सोमवारी नळावर ती मला गोष्ट सांगायची. "त्या बाईचा नवरा परमुलखात गेला. पोस्टमन रोज येतो, पर तिच्या दारी थांबत नाय. मंग ती पोस्टमनलाच जेवू घालती." खरी गोष्ट काय होती देव जाणे. मी एकदा म्हटलं, "माय, तुम्हाला एक अक्षर कळत नाही, मग बघता कशाला?" ती म्हणाली, "मेंढराचं तरी कुठं कळतंय? बघत बसलं की कळायला लागतं."

आता कुसुमबद्दल सांगायला हवं.

कुसुम रांगेच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिशीच्या आतली, बारीक, अबोल. एका औषध कंपनीत पॅकिंगला होती. तिचा नवरा अशोक वेल्डर होता आणि विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीत होता. कुठं मोर्चा असला की सुट्टी टाकून जायचा. कुसुम एकदा विरजण मागायला गिरजामायकडं आली आणि उभ्या उभ्या खेळ बघत राहिली. गिरजामाय तेव्हा दोन्ही रिमोट दोन मांड्यांवर ठेवून एकटीच दोघांना चालवायची, आणि पूल आला की हटकून पडायची. कुसुम हळूच म्हणाली, "माय, मागल्याला मी धरू का?"

त्या दिवशी पहिल्यांदा घंटा पुलापलीकडं गेली.

कुसुमच्या हातात विलक्षण संयम होता. दिवसभर पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या बघून आला असेल, किंवा मूळचाच असेल. गिरजामाय थांबली की ती थांबायची, बोलावं लागायचं नाही. दोघींची एक भाषा तयार झाली. "हं." "उचल." "दम." भिंतीपलीकडून ऐकणाऱ्याला वाटावं, दोन बाया मिळून जड पेटी माडीवर चढवताहेत. कामावरून आली की कुसुम भाकरी टाकून यायची, कधी पुलापर्यंत, कधी नदीपर्यंत मजल जायची, मग चहा व्हायचा. आपल्या घरचा कप घेऊन येण्याची कुसुमला सवय होती. गिरजामायनं तो कप एक दिवस स्वतःच्या फळीवर ठेवून दिला तो परत दिलाच नाही. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

असं सगळं चाललं होतं, आणि त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास विद्यापीठाच्या नावाचा निर्णय आला.

कोणी नामांतर म्हणे, कोणी नामविस्तार. शहरात एकीकडं गुलाल आणि निळ्या पताका, दुसरीकडं बंद आणि जाळपोळीच्या बातम्या. बस कधी चालू, कधी बंद. कारखान्यांचे भोंगे मात्र वेळेवर वाजायचे. माणसं टोळक्यानं कामावर जायची आणि टोळक्यानं परत यायची, पण ही टोळकी आता वेगवेगळी झाली होती. आमच्या रांगेत कुणी कुणाला वाकडं बोललं नाही. फक्त दारं लागली. एरवी उन्हाळा-हिवाळा उघडी असणारी दारं संध्याकाळी बंद व्हायला लागली. त्या संक्रांतीला तिळगूळ शेजारच्या दोन घरांपलीकडं गेला नाही. अशोकनं दोस्तांना पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवशी अण्णांनी त्याला खोली खाली करायला सांगितली.

कुसुम खेळायला येईनाशी झाली.

गिरजामायनं चार-पाच दिवस वाट बघितली. रिमोट मांड्यांवर घेऊन एकटी बसायची. टण्ण. टण्ण. पूल काही ओलांडला जात नव्हता. एक दिवस तिनं टीव्ही बंद केला, उठली आणि तरातरा रांगेच्या टोकाला गेली. मी तिच्या मागं.

"कुसुम, चल."

कुसुम दाराच्या फटीतून म्हणाली, "नको माय. अण्णा बघायलेत."

"बघू दे."

आतून अशोक बाहेर आला. त्याचा आवाज शांत होता, पण चेहरा आवळलेला. "गिरजामाय, तुमचं मन चांगलं हाय. पण आम्ही कुणाच्या घरी टीव्ही बघायला उपकारानं येणार नाय. उद्या कुणी तोंडावर काय बोललं, तर ते मी ऐकून घेणार नाय."

गिरजामाय त्याच्या उंबऱ्यावर बसली. "उपकार कसले रं? मला मागला मानूस पायजे. तुझी बायको सोडून कुनाला जमत नाय. या नाशकाच्या पोरीला बसवून बघितलं, ती नुसती दाबीतच ऱ्हाती."

अशोक हसला नाही. कुसुम मात्र दार पूर्ण उघडून बाहेर आली आणि गिरजामायसमोर खाली बसली.

"माय, मी सहा-सात वर्षांची होते तवा याच नावापायी आमच्या गावात घरं जाळली," ती म्हणाली. "आमचंबी जळलं. आम्ही ओढ्यात लपून बघत होतो. आता नाव लागलं, लोक नाचायलेत, हे बी नाचायलेत. मलाबी आनंद झालाय. पण दार वाजलं की मला अजून त्या ओढ्याच्या चिखलाचा वास येतो."

गिरजामाय जमिनीकडं बघत म्हणाली, "आमीबी बघितला व्हता आसाच जाळ. दुसऱ्या गावचा आसंल. एका रानात मेंढरं बसवली व्हती. मानसं वरडत व्हती, आवाज येत व्हता. माझा सासरा म्हनला, कुनी हालायचं नाय. आमी नाय हाललो. मेंढरं धरून बसलो."

कुसुमनं तिच्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. अशोक दाराला टेकून उभा होता. त्यानं हातातली विडी खाली टाकली, चपलेनं विझवली आणि म्हणाला, "जा."

त्या संध्याकाळपासून गिरजामायचं दार सताड उघडं राहायला लागलं. थंडी होती तरी. खेळ सुरू करण्याआधी ती दारात उभी राहून, मेंढरांना घालायची तशी हाक घालायची, "कुसुम, येऽऽ!" ती हाक अण्णांच्या ओसरीवर पोचेल याची ती काळजी घ्यायची, असं मला नेहमी वाटत आलंय.

ती पोचली. दोन-तीन दिवसांनी अण्णा स्वतः आले. साठीचा माणूस, स्वच्छ धोतर, बोलणं मऊ. दारातच उभे राहून म्हणाले, "गिरजाबाई, तुमचा आमचा काही वाद नाय. भागाजी सालस माणूस. पण त्या पोरीला घेऊन रोज दार उघडं टाकून बसता. मला गावात तोंड दाखवायचं आसतं."

"मंग दार लावू का?" गिरजामाय पडद्यावरून नजर न काढता म्हणाली.

"मी काय म्हणतो ते कळतंय तुम्हाला."

"कळतंय. ती हालायलीय, जरा थांबा."

आणि अण्णा खरंच थांबले. नदीतल्या दगडावर दोन बुटकी माणसं उभी, घंटा झुलतेय, दोघी बाया श्वास धरून बसलेल्या, आणि दारात अण्णा. घंटा शांत झाली, दोघींनी एकदम पाऊल टाकलं, दगड ओलांडला. तेव्हा गिरजामायनं मान वळवली.

अण्णांचा आवाज जरा चिरकला. "माझं रान गेलं," ते म्हणाले. "बापानं, आज्यानं कसलेलं रान. आता इथं रोज नवी पाटी लागती. माझं म्हणावं आसं काय राहिलं सांगा."

"वाईट झालं," गिरजामाय म्हणाली. तिनं ते मनापासून म्हटलं होतं. "पर ते कुसुमनं नाय नेलं."

अण्णा गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, घंटा पुलाच्या मध्यावर असताना वीज गेली. बाहेर बघितलं तर सगळ्या रांगेत दिवे चालू, फक्त गिरजामायच्या खोलीत अंधार. मीटरचा फळा अण्णांच्या ओसरीत होता. फ्यूज काढला होता.

भागाजी घाबरला. "सोड आता," तो म्हणाला. "दुसरी खोली कुठं शोधावी?" गिरजामायनं चिमणी लावली आणि बंद टीव्हीसमोर कुसुमला शेजारी घेऊन बसली. दोघी शेंगा फोडत गप्पा मारत बसल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच, उघड्या दारात, काळ्या पडद्यासमोर. येणारे-जाणारे बघायचे आणि मान खाली घालून पुढं जायचे.

मग एक दिवस मधल्या खोलीतला युसूफभाई आला. तो एका कारखान्यात वायरमन होता. खांद्यावर वायरचं वेटोळं. "मावशी, फिकर नक्को करो," तो म्हणाला. "मेरे घर से लाइन देतूं. मालिक कू पूछना है तो मेरे कू पूछेगा." त्यानं पत्र्याखालून वायर ओढली, पिन जोडली, आणि टीव्हीत मुंग्या दिसायला लागल्या. त्या दिवशी गिरजामायच्या दारात बरीच गर्दी झाली. कुणी मुद्दाम आल्यासारखं दाखवलं नाही. कुणाला साखर हवी होती, कुणाला किती वाजले ते विचारायचं होतं. पण सगळे थांबले. भागाजी तर टीव्हीकडं तोंड करून बसला होता.

अण्णांनी पुढं फ्यूज परत बसवला. खोली खाली करण्याचा विषयही त्यांनी परत काढला नाही. पण अशोकच्या मनातून ती जागा उतरली होती. उन्हाळा लागला तेव्हा त्यानं मुकुंदवाडीत नातलगांच्या जवळ खोली बघितली आणि चिकलठाण्याकडं काम धरलं. टेंपोत सामान चढवताना गिरजामायनं भांड्यांची गोणी स्वतः उचलून दिली. कुसुमला मिठी मारून रडली मीच. त्या दोघी नाही. गिरजामाय फक्त म्हणाली, "रईवारी सुट्टी आसती ना?"

त्यानंतर दर रविवारी सकाळी ती टीव्ही गेमचा डबा आणि रिमोट एका कापडी पिशवीत घालून निघायची. बजाजनगरहून बसनं रेल्वे स्टेशन, तिथून दुसरी बस. कधी बस मिळायची नाही, कधी भरून यायची. पिशवी ती छातीशी धरून उभी राहायची. कंडक्टरनं एकदा विचारलं, "आजी, काय हाय त्यात?" तर म्हणाली, "घंटा." रविवारचे बंगाली-मल्याळी सिनेमे तिनं सोडून दिले. तेवढा एक त्याग तिनं केला.

एका रविवारी मी तिच्याबरोबर गेले. मुकुंदवाडीतली ती गल्ली अरुंद होती, पण खोली पक्की. अशोकनं जुना टीव्ही घेतला होता. गिरजामाय गल्लीत शिरली तेव्हा ओट्यावरच्या बायका म्हणाल्या, "आली बगा कुसुमची माय," आणि ती त्यांच्याशी अशी बोलत गेली जशी तिथंच नांदतेय. हात धुतले, पदराला पुसले आणि दोघी बसल्या.

त्या दिवशी वीज गेली नाही. पूल गेला, नदी गेली, कुत्री गेली. बर्फात घंटा इतकी झुलली की मला बघवेना, मी स्वयंपाकाच्या ओट्याकडं जाऊन उभी राहिले. तिथून मला पडदा दिसत नव्हता, दोघींच्या पाठी दिसत होत्या. बराच वेळ त्या हलल्या नाहीत. मग गिरजामाय म्हणाली, "हं." आणि दोन्ही पाठी एकदम थोड्या पुढं झुकल्या.

मी धावत गेले. डोंगराच्या टोकावर एक छोटं लाकडी देऊळ होतं. दोन बुटक्या माणसांनी घंटा आढ्याला टांगली, टोप्या काढल्या आणि वाकून नमस्कार केला. मग घंटा वाजली. आम्हाला माहीत होता तसा टण्ण नव्हे. खोल, लांब, विरत जाणारा आवाज, टीव्हीच्या एवढ्याशा स्पीकरमधूनही अंगावर काटा आणणारा. आणि पडद्यावर जपानी अक्षरांच्या ओळीच्या ओळी वर सरकायला लागल्या.

कुणीच हललं नाही. कुसुमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं ते पुसलं नाही, कारण रिमोट खाली ठेवायला ती अजून घाबरत होती.

"काय लिव्हलंय रं?" गिरजामायनं अशोकला विचारलं.

अशोक मागं खाटेवर बसला होता. त्यानं डोळे बारीक करून, बोट फिरवत, एखादं पत्रक वाचावं तसं वाचलं, "लिव्हलंय... दोघीबी लई दमल्यात. अशोकनं आता चहा करावा."

गिरजामाय जी हसली ती खोकला लागेपर्यंत. त्या माणसाला मी पहिल्यांदाच विनोद करताना ऐकत होते. आणि चहा खरंच त्यानंच केला.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "माय, आता गेम संपला. आता रविवारी काय?"

तिला प्रश्नच कळला नाही. "काय म्हंजे?" ती म्हणाली. "कुसुम हाय की तिथं."

पुढच्या वर्षी प्रकाशला नाशिकला नोकरी मिळाली आणि आम्ही निघालो. निघायचा दिवस रविवारच होता. सकाळी निरोप घ्यायला गेले तर गिरजामायच्या दाराला कडी. भागाजी नळावर पाणी भरत होता. "गेली सकाळीच," एवढंच म्हणाला आणि कानामागं खाजवत हसला. मला वाईट वाटलं. टेंपोत सामान भरलं, युसूफभाईनं दोर आवळून दिला, अण्णांनी ओसरीतून हात वर केला आणि आम्ही निघालो.

एमआयडीसीच्या रिकाम्या प्लॉटपाशी टेंपो वळला आणि प्रकाश ओरडला, "अगं, ती बघ!"

कुंपणाच्या पलीकडच्या मैदानात गिरजामाय होती. एका जुनाट मोपेडवर. सोपाननं कुठूनतरी आणून दिलेली असणार. लुगड्याचा काष्टा घट्ट आवळलेला, पदर कमरेला खोचलेला, कोपर फुटलेलं. मागची सीट धरून कुसुम पळत होती. मुकुंदवाडीहून ती त्या दिवशी इकडं आली होती. आमच्या डोळ्यांदेखत मोपेड कलली, दोघी मातीत बसल्या, उठल्या, लुगडं झटकलं, परत गाडी सरळ केली. इंजिन फटफटलं. मोपेड हेलकावे खात पुढं आली, मग जरा सरळ, मग आणखी सरळ. कुसुमनं सीट सोडली आणि ती जागीच उभी राहिली, दोन्ही हात तोंडावर धरून.

मोपेड कुंपणाच्या फटीतून रस्त्यावर आली आणि आमच्या पुढून निघाली. मी टेंपोच्या खिडकीतून अर्धी बाहेर झाले आणि जीव तोडून हाक मारली, "मायऽऽ!"

तिला ऐकू गेलं होतं, खांद्यावरून कळलं. पण तिनं मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर पडली असती.